एक तारांकित चूक

सबमिशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी साडेपाच वाजता लॅबमध्ये बसून आपल्याच हातांनी आपला अख्खा मिनी प्रोजेक्ट उडवायचा, हे सगळ्यांना जमत नाही. आम्हाला जमलं. तेही एका ओळीत. आणि गंमत म्हणजे ती ओळ कम्पाइल होताना एक साधी वॉर्निंगसुद्धा आली नव्हती.

ती ओळ होती फाइलची नावं पॅटर्नशी जुळवण्याची. म्हणजे आपण रोज टर्मिनलवर स्टार आणि प्रश्नचिन्ह टाकून जे करतो तेच, फक्त सी प्रोग्रॅममधून. विषय अगदी छोटा वाटतो. सिलॅबसमध्ये तर तो नाहीच. पण त्यात इतक्या ठिकाणी पाय घसरतो की म्हटलं, यंदाच्या अंकात हेच लिहावं. ज्युनिअर्सचे तरी प्रोजेक्ट वाचतील.

आधी एक खुलासा. मराठी विभागात एकही रोमन अक्षर चालणार नाही अशी संपादक मंडळाची तंबी आहे. म्हणून फाइलची नावं आणि कोडसुद्धा देवनागरीत लिहितोय. कम्पायलरला देताना ते रोमनमध्येच द्या, नाहीतर तो जे काय एरर्स दाखवेल त्याला मी जबाबदार नाही.

तर झालं असं. सेकंड इयरचा डेटा स्ट्रक्चर्सचा मिनी प्रोजेक्ट. लिनक्सच्या लॅबमध्ये प्रत्येकाला ठरावीक डिस्क कोटा होता आणि आमचा सारखा भरायचा. फोल्डरमध्ये 'क्यू.ओ', 'लिस्ट.ओ', 'हीप.ओ' अशा ऑब्जेक्ट फाइल्सचा नुसता बाजार. माझ्या पार्टनरला (नाव सांगत नाही, तो आता चांगल्या नोकरीत आहे) कल्पना सुचली की आपणच एक 'साफ' नावाचा प्रोग्रॅम लिहू. त्याला पॅटर्न द्यायचा, आणि त्या पॅटर्नशी जुळणाऱ्या सगळ्या फाइल्स त्यानं उडवायच्या. प्रोजेक्टला जोडून दाखवलं तर दोन मार्क जास्त मिळतील ही छुपी आशा होतीच.

रचना सोपी होती. 'ओपनडिर'ने फोल्डर उघडायचं, 'रीडडिर'ने एकेक नाव काढायचं, ते पॅटर्नशी जुळतंय का बघायचं आणि जुळलं तर 'रिमूव्ह' करायचं. जुळवायचं फंक्शन आम्ही स्वतःच लिहिलं होतं. जुळलं तर १, नाही तर ०. पहिल्यांदा 'साफ *.ओ' असं चालवलं आणि दहा-बारा फाइल्सपैकी फक्त एकच फाइल गेली. 'हीप.ओ'. बाकीच्या जागच्या जागी.

अर्धा तास डोकं खाजवल्यावर आर्गव्ही प्रिंट करून बघितला, तेव्हा ट्यूब पेटली. आमच्या प्रोग्रॅमपर्यंत स्टार पोचलाच नव्हता! युनिक्स-लिनक्समध्ये स्टारचा अर्थ प्रोग्रॅम लावत नाही, शेल लावतो. तुम्ही 'साफ *.ओ' टाइप केलंत की शेल आधी फोल्डर बघतो, जुळणारी सगळी नावं क्रमाने लावतो, आणि प्रोग्रॅमला ती तयार यादी देतो. आमचा प्रोग्रॅम बिचारा फक्त पहिला आर्ग्युमेंट वाचत होता. त्यात आलं 'हीप.ओ' आणि त्याच्याशी जुळणारी फाइल एकच, स्वतः 'हीप.ओ'. पॅटर्न जसाच्या तसा प्रोग्रॅमला द्यायचा असेल तर तो सिंगल कोटमध्ये टाकावा लागतो. 'फाइंड' कमांडला नावाचा पॅटर्न कोटमध्ये का द्यायचा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. तोपर्यंत मंत्रासारखं पाठ केलेलं होतं.

ही पद्धत फार जुनी आहे. बेल लॅब्जमधल्या १९७१ च्या पहिल्या युनिक्समध्ये शेलला स्वतःला स्टार कळत नव्हता. आर्ग्युमेंटमध्ये स्टार, प्रश्नचिन्ह किंवा चौकटी कंस दिसला की शेल 'ग्लॉब' नावाच्या एका वेगळ्या प्रोग्रॅमला बोलवायचा. 'ग्लॉब' हा 'ग्लोबल'चा शॉर्टफॉर्म. तो नावं पसरवून मग खरी कमांड चालवायचा. १९७९ च्या सातव्या एडिशनबरोबर बोर्न शेल आला, त्यात हे काम शेलच्या पोटातच गेलं. पण नाव टिकलं. आजही अशा जुळणीला 'ग्लॉबिंग' म्हणतात आणि सी लायब्ररीत त्याच नावाचं फंक्शन आहे.

डॉसमध्ये नेमकं उलटं होतं. तिथला कमांड इंटरप्रीटर स्टारला हातच लावत नसे, तो जसाच्या तसा प्रोग्रॅमकडे ढकलायचा. टर्बो सीवर शिकलेल्या सिनिअर्सना 'फाइंडफर्स्ट' आणि 'फाइंडनेक्स्ट' आठवत असतील, ते त्यासाठीच. शेलसारखी तयार यादी हवी असेल तर 'वाइल्डआर्ग्ज' नावाची एक ऑब्जेक्ट फाइल लिंक करावी लागायची. शिवाय डॉसच्या स्टारची अक्कल मर्यादित. नाव आठ अक्षरांचं, शेपूट तीन अक्षरांचं. स्टार दिसला की तो त्या भागातल्या उरलेल्या सगळ्या जागा प्रश्नचिन्हांनी भरून टाकायचा. त्यामुळे '*१.सी' लिहिलं तरी स्टारनंतरचा १ वाया, आणि 'डेल' कमांडला हे दिलं की फोल्डरमधल्या झाडून सगळ्या '.सी' फाइल्स साफ. त्या आठ-तीनचं भूत विंडोजमध्येही राहिलं. ज्या ड्राइव्हवर मोठ्या नावाबरोबर छोटं नावही साठवलं जातं, तिथे '*.एचटीएम' या पॅटर्नला '.एचटीएमएल'च्या फाइल्सही जुळतात, कारण त्यांच्या छोट्या नावाचं शेपूट तीनच अक्षरांचं असतं.

असो. आमच्या लॅबकडे परत येऊ.

कोट टाकल्यावर 'साफ' चालायला लागला. मग दुसरा प्रॉब्लेम आला. 'लिस्ट.बॅक.ओ' नावाची एक फाइल काही केल्या जाईना. पॅटर्न '*.ओ', नाव '.ओ'ने संपतंय, तरी आमचं फंक्शन म्हणे जुळत नाही. कारण आम्ही स्टारचा अर्थ असा लावला होता: स्टारनंतरचं अक्षर जिथे पहिल्यांदा सापडेल तिथपर्यंत पुढे पळायचं. स्टारनंतर टिंब. नावातलं पहिलं टिंब 'लिस्ट'नंतर. तिथे थांबलो, पुढे 'ओ' हवा होता, मिळाला 'बॅ'. झालं, फेल. परत मागे येऊन 'कदाचित हे टिंब नसेल, पुढचं असेल' असा विचार करायचा आम्ही विसरलो होतो. वाइल्डकार्डची खरी मेख इथेच आहे. प्रश्नचिन्हाला एक अक्षर खायचं हे नक्की माहीत असतं. स्टारला आपण किती खायचं हे तेव्हाच्या तेव्हा कळत नाही.

पाच वाजून गेले होते. लॅब असिस्टंट काका चाव्या वाजवत फिरायला लागले होते. तेवढ्यात पार्टनरला मॅन्युअल पेजमध्ये 'एफएनमॅच' सापडलं. पॅटर्न द्या, नाव द्या, फ्लॅग द्या, जुळतंय की नाही ते सांगतं. १९९२ च्या पॉझिक्स स्टँडर्डपासूनचं, सगळ्या युनिक्सवर असणारं. 'अरे मग आपण का लिहितोय?' म्हणत त्यानं आमच्या फंक्शनचं नाव खोडलं आणि तिथे नवीन नाव टाकलं:

इफ (एफएनमॅच(पॅटर्न, नाव, ०))
    रिमूव्ह(नाव);

कम्पाइल केलं. चालवलं. प्रॉम्प्ट लगेच परत आला. 'एलएस' केलं. फोल्डरमध्ये फक्त '.ओ' फाइल्स उरल्या होत्या.

कारण एफएनमॅच जुळलं तर शून्य परत देतं आणि जुळलं नाही तर शून्य नसलेला आकडा. सीमध्ये शून्य म्हणजे खोटं. म्हणजे आमच्या 'इफ'चा अर्थ झाला, 'जे जुळत नाही ते उडव'. आणि त्यानं ते इमानदारीत उडवलं. हेडर्स गेले, सोर्स गेला, मेकफाइल गेली, रिपोर्ट गेला. 'साफ.सी' गेली. चालू असलेला 'साफ' प्रोग्रॅमसुद्धा गेला, कारण लिनक्समध्ये चालू प्रोग्रॅमच्या फाइलचं नाव फोल्डरमधून काढता येतं, प्रोग्रॅम संपेपर्यंत आतला डेटा तेवढा राहतो. वाचली ती फक्त 'टेस्ट' नावाची सबडिरेक्टरी, कारण 'रिमूव्ह'ला भरलेली डिरेक्टरी काढता येत नाही. त्यातही काय, तर दोन इनपुट फाइल्स. वर कहर म्हणजे 'साफ.ओ' शाबूत होती. लिंक केली असती तर तोच सत्यानाशी प्रोग्रॅम पुन्हा तयार!

शून्य म्हणजे यश हा प्रकार विचित्र वाटतो, पण त्यामागे कारण आहे. काम फत्ते होण्याचा प्रकार एकच असतो, फसण्याचे अनेक. एफएनमॅचमध्ये 'जुळलं नाही' यासाठी एक ठरावीक आकडा आहे आणि 'काहीतरी गडबड झाली' यासाठी वेगळा आकडा येऊ शकतो. 'ग्लॉब' फंक्शनही शून्यच देतं. 'स्ट्रकम्प'सुद्धा दोन स्ट्रिंग सारख्या असतील तर शून्य देतं हे आपल्याला एफवायपासून माहीत असतं, पण तिथे निदान नावात 'कम्पेअर' आहे. 'मॅच' म्हटल्यावर माणूस 'हो' किंवा 'नाही'च समजतो. माझं स्पष्ट मत आहे की हे नाव चुकलंय. पण आता ते बदलणार नाही, त्यामुळे '== ०' लिहायची सवय आपणच लावून घ्यायची.

त्या रात्री होस्टेलवर बसून जर्नलमधल्या आठवड्यापूर्वीच्या प्रिंटआउटवरून सगळं पुन्हा टाइप केलं. ऑब्जेक्ट फाइल्स लिंक करून डेमो दाखवता आला असता, पण कोड कुठून दाखवणार? टाइप करता करता माझ्या डोक्यात मात्र ते 'लिस्ट.बॅक.ओ' घोळत होतं. स्टार बरोबर कसा लिहायचा?

पुस्तकी उत्तर रिकर्शन. पॅटर्नमध्ये स्टार आला की दोन शक्यता: एक तर स्टार काहीच खात नाही, पॅटर्नमध्ये पुढे जा, किंवा तो एक अक्षर खातो, नावात पुढे जा. दोन्ही करून बघ, एक जरी जमलं तरी जुळलं. दोन ओळींत होतं आणि उत्तर बरोबर येतं. पण समजा नाव आहे नुसत्या 'अ'चं, शंभर वेळा. (तूर्तास एक अक्षर म्हणजे एक बाइट धरू.) आणि पॅटर्न आहे 'अ*' ही जोडी दहा वेळा आणि शेवटी 'ब'. नावात 'ब' नाहीच, म्हणजे उत्तर 'नाही'. पण रिकर्शन ते सहज मान्य करत नाही. पॅटर्नमधला पहिला 'अ' जागेवर पक्का, उरलेले नऊ 'अ' नव्याण्णव जागांवर जितक्या प्रकारे बसतील तितके सगळे ते बसवून बघतं. पीएनसीचं गणित आठवा: हे प्रकार होतात सुमारे १.७३ लाख कोटी. सेकंदाला दहा कोटी प्रकार तपासले तरी पावणेपाच तास. एका फाइलच्या नावासाठी! आणि ही काही फक्त वहीतली भीती नाही. २०१७ साली रस कॉक्स यांनी वेगवेगळ्या शेल आणि भाषांमधल्या ग्लॉबची चाचणी घेतली, तेव्हा त्यातले काही याच सापळ्यात सापडले होते. सर्व्हरवर बाहेरचा माणूस पॅटर्न देऊ शकत असेल तर एक पॅटर्न पाठवून तो सर्व्हर अडकवता येतो.

यातून सुटायची युक्ती इतकी सोपी आहे की आधी विश्वास बसत नाही. फसलं तर फक्त सगळ्यात शेवटच्या स्टारपर्यंत मागे यायचं. त्याच्या आधीच्या स्टारकडे ढुंकूनही बघायचं नाही.

इंट जुळते(कॉन्स्ट चार *प, कॉन्स्ट चार *न)
{
    कॉन्स्ट चार *स्टार = नल, *खूण = नल;

    व्हाइल (*न) {
        इफ (*प == '*') {
            स्टार = प++;
            खूण = न;
        } एल्स इफ (*प == '?' || *प == *न) {
            प++;
            न++;
        } एल्स इफ (स्टार) {
            प = स्टार + १;
            न = ++खूण;
        } एल्स
            रिटर्न ०;
    }
    व्हाइल (*प == '*')
        प++;
    रिटर्न *प == '\०';
}

(यातला 'चार' म्हणजे आकडा नव्हे, कॅरेक्टर!) 'प' हा पॅटर्नवरचा पॉइंटर, 'न' हा नावावरचा. स्टार भेटला की तो कुठे भेटला ते लिहून ठेवायचं आणि नावात आपण तेव्हा कुठे होतो त्याची खूण करायची. पुढे फसलं तर खूण एक घर पुढे सरकवायची, म्हणजे स्टारला आणखी एक अक्षर खायला घालायचं, आणि तिथून परत सुरुवात. 'लिस्ट.बॅक.ओ' यातून चालवून बघा. पहिल्या टिंबावर टिंब जुळतं, 'ओ'च्या जागी 'बॅ' येतो, फसतं. खूण पुढे सरकत सरकत दुसऱ्या टिंबावर येते आणि मग सगळं जुळतं.

आधीच्या स्टारकडे का जायचं नाही? दोन स्टारमधला पॅटर्नचा तुकडा आपण नावात जमेल तितका डावीकडे बसवलेला असतो. तो आणखी उजवीकडे सरकवून फायदा काय? पुढच्या तुकड्यांना जागा कमीच होणार. आणि मधे जी काही अक्षरं उरतील ती खायला पुढचा स्टार बसलेलाच आहे. म्हणजे डावीकडे बसवून जर पुढचं जमत नसेल, तर उजवीकडे सरकवून ते कधीच जमणार नाही. त्या शंभर 'अ'वाल्या नावाला या फंक्शनची मुख्य लूप बरोबर ११० वेळा फिरते. लाख कोटींवरून एकशेदहावर! कोणाला खोटं वाटत असेल त्यानं लूपमध्ये काउंटर लावून मोजावं, मी मोजलंय. वाईटात वाईट पॅटर्न दिला तरी काम दोन्ही लांबींच्या गुणाकाराच्या आसपासच राहतं.

चौकटी कंस मी यात घातलेला नाही. '[०-९]' म्हणजे एक आकडा, '[!०-९]' म्हणजे आकडा सोडून कुठलंही एक अक्षर, एवढं लक्षात ठेवा. 'ग्रेप'चे पॅटर्न वेगळे, तिथे स्टार म्हणजे 'आधीची गोष्ट शून्य किंवा जास्त वेळा', आणि टिंब म्हणजे कुठलंही अक्षर. या दोन भाषांची खिचडी करून व्हायवाला गेलेले बरेच जण मला माहीत आहेत.

मग तयार एफएनमॅच वापरायचं की स्वतःचं? सबमिशन नसेल तर तयारच वापरा, फक्त तिसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये डोळे झाकून शून्य टाकू नका. आम्ही टाकलेल्या शून्यामुळे शेलचा स्टार आणि आमचा स्टार वेगळे वागत होते. शेलचा स्टार टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइल्सना हात लावत नाही, तसं हवं असेल तर 'पीरिअड'चा फ्लॅग द्यावा लागतो. पूर्ण पाथ जुळवत असाल आणि स्टारने स्लॅश ओलांडू नये असं वाटत असेल तर 'पाथनेम'चा. आणि नुसती यादीच हवी असेल तर 'ग्लॉब' फंक्शन वापरा, ते फोल्डर उघडण्यापासून नावं क्रमाने लावण्यापर्यंत सगळं करतं. काम झाल्यावर 'ग्लॉबफ्री' विसरू नका म्हणजे झालं.

आता त्या 'एक अक्षर म्हणजे एक बाइट'बद्दल. ते मी तूर्तास म्हटलं होतं, कारण आपल्या भाषेत ते खरं नाही. 'यादी' नावाची फाइल बनवा आणि ती प्रश्नचिन्हांनी जुळवून बघा. डोळ्यांना दोन अक्षरं दिसतात, म्हणून आपण दोन प्रश्नचिन्हं टाकू. जुळणार नाही. युनिकोडमध्ये य, काना, द आणि वेलांटी असे चार कोड आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट लागतात. वरच्या माझ्या फंक्शनला बाइटच कळतात, त्यामुळे त्याला बारा प्रश्नचिन्हं द्यावी लागतील! लिनक्सच्या एफएनमॅचला चार पुरतात, पण त्यासाठी प्रोग्रॅमच्या सुरुवातीला 'सेटलोकेल' बोलावून यूटीएफ-८ चं लोकेल चालू करावं लागतं, नाहीतर तेही बाराच मागतं. दोन प्रश्नचिन्हांत 'यादी' जुळवणारं फंक्शन हवं असेल तर अक्षर कुठे संपतं हे काना-मात्रा-जोडाक्षरांसकट आपल्यालाच ठरवावं लागेल. फायनल इयरला प्रोजेक्ट शोधणाऱ्यांनी नोंद घ्यावी. स्टारला मात्र या भानगडीचा त्रास नाही, तो बाइट खावो की अक्षर, शेवटी पोट भरण्याशी मतलब.

बाकी राहिलं आमचं सबमिशन. पहाटे साडेतीनला टायपिंग संपलं. 'साफ'मध्ये दोन बदल केले. एक म्हणजे '== ०'. दुसरं म्हणजे आता तो आधी नुसती यादी दाखवतो, 'उडवू का?' विचारतो, आणि 'हो' म्हटल्यावरच हात उचलतो. सकाळी व्हायवाला एक्स्टर्नल सरांसमोर पार्टनरनं मोठ्या अभिमानानं तो चालवून दाखवला. सरांनी चष्मा वर केला, आमच्या नव्यानं टाइप केलेल्या मेकफाइलकडे बघितलं आणि म्हणाले, "छान आहे. पण '.ओ' काढायला एवढा प्रोग्रॅम कशाला लिहिलात? मेकफाइलमध्ये 'क्लीन' नावाचं टार्गेट टाकतात की."